कामकरी बोटींच्या प्रतिकृती

कामकरी बोटीची प्रतिकृती म्हणजे टग, ट्रॉलर, बार्ज, पायलट बोट, ड्रेजर यांसारख्या, बंदरात किंवा समुद्रात रोजच्या कामासाठी राबणाऱ्या नौकेची ठरावीक प्रमाणात लहान केलेली हुबेहूब प्रतिमा होय. युद्धनौका आणि प्रवासी जहाजे यांच्या प्रतिकृतींपेक्षा या प्रकाराचे वेगळेपण असे की, येथे नौकेच्या आकाराइतकेच तिच्या वापराच्या खुणांना महत्त्व असते. गंज, उडालेला रंग, धुराची काजळी, मिठाचे पांढरे डाग, शेवाळ, दोरांचे घासे या खुणा प्रतिकृतीवर कृत्रिमरीत्या उमटवण्याच्या क्रियेस वेदरिंग म्हणतात. या संज्ञेला मराठीत सर्वमान्य प्रतिशब्द नाही. भूशास्त्रातील 'विदारण' हा शब्द येथे चपखल बसत नाही. कारण येथे वस्तू झिजत नाही, झिजेचे चित्र काढले जाते. छंदप्रेमींमध्ये इंग्रजी शब्दच रूढ असल्याने या लेखातही तोच वापरला आहे.

वेदरिंगचे मूलतत्त्व एकच आहे: प्रतिकृतीवरील प्रत्येक डागाला खऱ्या नौकेवर काहीतरी कारण असले पाहिजे. हे तत्त्व पाळले नाही, तर कुशलतेने रंगवलेली बोटही मळवलेल्या खेळण्यासारखी दिसते.

परंपरा

जहाजांच्या प्रतिकृतींची जुनी परंपरा स्वच्छतेची आहे. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून ब्रिटिश नौदलाच्या जहाजांच्या ज्या प्रतिकृती तयार झाल्या, त्या 'नेव्ही बोर्ड मॉडेल' या नावाने ओळखल्या जातात. त्यांतील बऱ्याचशा १:४८ या प्रमाणात असून, खालच्या भागातील फळ्या न बसवता लाकडी फासळ्या उघड्या ठेवलेल्या दिसतात. लंडनच्या ग्रीनिच भागातील नॅशनल मेरिटाइम म्युझियम आणि अमेरिकेतील ॲनापोलिस येथील नौदल अकादमीचे संग्रहालय येथे त्यांचे मोठे संग्रह आहेत. एकोणिसाव्या शतकात जहाजबांधणी कारखाने आपल्या ग्राहकांसाठी काचेच्या पेटीतील प्रतिकृती बनवू लागले. त्यांवरील नांगर, खुंट, कठडे यांना सोन्याचा किंवा चांदीचा मुलामा देण्याची पद्धत होती. अशी प्रतिकृती नौका कशी असावी हे दाखवते. पाच वर्षे राबल्यावर ती कशी झाली हे दाखवणे तिचे काम नव्हते.

वापराच्या खुणा दाखवण्याची कल्पना जहाजांच्या जगात बऱ्याच अंशी बाहेरून आली. रेल्वेच्या प्रतिकृती बनवणाऱ्यांमध्ये कॅलिफोर्नियातील जॉन ॲलन (१९१३–१९७३) याच्या 'गोरी अँड डॅफेटिड' या काल्पनिक रेल्वेमार्गाने धूळ, गंज आणि मोडकळीस आलेल्या इमारती यांना प्रतिष्ठा मिळवून दिली. १९७० च्या दशकात अमेरिकेतील शेपर्ड पेन आणि त्यानंतर बेल्जियमचे फ्रांस्वा व्हेर्लिंडेन यांनी रणगाड्यांच्या प्रतिकृतींसाठी पातळ रंगाचे थर आणि कोरड्या कुंचल्याचे हात ही तंत्रे लोकप्रिय केली. हीच तंत्रे पुढे बोटींवर आली. दूरचित्रवाणीवर १९८९ मध्ये प्रसारित झालेल्या 'टग्स' या ब्रिटिश बालमालिकेत १९२० च्या दशकातील एका काल्पनिक बंदरातील टग दाखवले होते. पाण्यावर चालणाऱ्या मोठ्या प्रतिकृती वापरून चित्रित केलेल्या या मालिकेतील बोटी मळकट आणि गंजलेल्या होत्या.

संग्रहालयीन परंपरेतील काही कारागीर वेदरिंगला आजही दुय्यम मानतात. खराब जोडकाम मातकट रंगाखाली झाकता येते, असा त्यांचा आक्षेप असतो. तो अगदीच निराधार नाही. परंतु पातळ रंगाचा थर फटी झाकण्याऐवजी त्यांत शिरून त्या उठावदार करतो, हेही तितकेच खरे.

प्रमाण

प्रमाणाची निवड पुढील सर्व निर्णयांवर परिणाम करते. ३० मीटर लांबीचा टग १:४८ या प्रमाणात सुमारे ६२ सेंमी, १:७२ मध्ये ४२ सेंमी, तर १:३५० मध्ये ९ सेंमीपेक्षाही लहान होतो. रेल्वेच्या प्रतिकृतींबरोबर बंदराचा देखावा करणारे १:८७ हे प्रमाण घेतात. रेडिओ-नियंत्रणाने पाण्यावर चालवण्यासाठी १:२४ ते १:५० या दरम्यानची प्रमाणे सोयीची ठरतात.

लांबी ज्या प्रमाणात घटते त्याच्या घनाच्या प्रमाणात वजन घटते. ३०० टनांच्या टगची १:४८ प्रमाणातील प्रतिकृती पाण्यात योग्य पातळीपर्यंत बुडायची असेल, तर तिचे एकूण वजन सुमारे २.७ किलो असावे लागते. तोच टग १:२४ मध्ये केल्यास जवळजवळ २२ किलोंचा होतो. लांबी केवळ दुप्पट झाली, पण वजन आठपट. ही प्रतिकृती तळ्यापर्यंत कोण उचलून नेणार, हा प्रश्न आराखडा कापण्यापूर्वीच विचारलेला बरा.

वेदरिंगच्या दृष्टीने उलट दिशेचा हिशेब अधिक उपयोगी पडतो. १:७२ या प्रमाणात कुंचल्याने ओढलेली एक मिलिमीटर रुंदीची गंजाची रेघ खऱ्या बोटीवर सात सेंटिमीटरहून रुंद होते. १:३५० मध्ये रंगाचा एक मिलिमीटरचा टवका म्हणजे पस्तीस सेंटिमीटरचे भगदाड. म्हणून लहान प्रमाणात सुटे टवके दाखवण्याऐवजी केवळ रंगछटेतील फरक दाखवतात. बांधणीतही हेच लागू पडते. आठ मिलिमीटर जाडीचा पोलादी पत्रा १:४८ मध्ये ०.१७ मिलिमीटरचा होतो. तयार संचातील प्लास्टिकचे कठडे त्याच्या कित्येक पट जाड असतात. निदान त्यांची वरची कड आतून तासून पातळ केल्यास डोळ्याला ती पत्र्याची वाटते.

काळाची निवड

कोणती बोट, हे ठरवल्यानंतर कोणत्या दिवशीची बोट, हेही ठरवावे लागते. गोदीतून रंगरंगोटी करून नुकतीच उतरलेली नौका आणि तीच नौका दोन वर्षांनंतर, यांत सारख्या खुणा असणे शक्य नाही.

कोकण किनाऱ्यावरील मच्छीमार बोटी हे याचे चांगले उदाहरण आहे. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या ६१ दिवसांत यांत्रिक मासेमारीस बंदी असते. या काळात अनेक बोटी किनाऱ्यावर ओढल्या जातात; तळ खरवडला जातो, फटी बुजवल्या जातात आणि नारळी पौर्णिमेच्या सुमारास त्या निळ्या, हिरव्या, पिवळ्या, तांबड्या रंगांत पुन्हा पाण्यात उतरतात. त्यामुळे ऑगस्टमधील बोट आणि मे महिन्यातील बोट एकच असूनही दिसायला निराळी असते. ऑगस्टची बोट दाखवायची असल्यास खुणा नव्या रंगाखालून पुसट दिसणाऱ्या जुन्या खरबरीतपणापुरत्याच मर्यादित ठेवाव्या लागतात. मे महिन्याची बोट करताना मात्र जाळे ओढले जाते त्या कडेचा रंग पूर्ण उडालेला, लोखंडी खिळ्यांच्या डोक्यांखाली तपकिरी ओघळ उतरलेले आणि पाण्याच्या रेषेवर हिरवट पट्टा, असा सारा हंगाम दाखवता येतो.

अशा लाकडी बोटी परंपरेने कागदी आराखड्याशिवाय, कारागिराच्या अनुभवावर आणि नजरेवर बांधल्या जात. त्यांची प्रतिकृती करू इच्छिणाऱ्याला बंदरावर जाऊन, टेप लावून, ठरावीक अंतरावर रुंदी आणि उंची मोजत स्वतःच आराखडा काढावा लागतो. बोट मोडीत निघाल्यावर ही मापे पुन्हा मिळत नाहीत, त्यामुळे अशी वही आणि तिच्यावरून बनलेली प्रतिकृती यांना छंदापलीकडचे मोल येते. छायाचित्रे घेताना दोन्ही बाजू, नाळ, मागील भाग आणि वरून दिसणारा डेक यांची स्वतंत्र छायाचित्रे घेणे आवश्यक असते. दोन्ही बाजूंची झीज क्वचितच सारखी असते.

बांधणी

बोटीचे शरीर, म्हणजे हल, बनवण्याच्या अनेक पद्धती आहेत. कण्यावर आडव्या फासळ्या उभ्या करून त्यांवर लाकडी पट्ट्या चिकटवणे ही सर्वांत जुनी पद्धत. दुसऱ्या पद्धतीत फळ्यांचे आडवे थर एकमेकांवर चिकटवून त्यांतून आकार कोरतात. तयार संचांमध्ये काचतंतूचे, प्लास्टिकचे किंवा रेझिनचे हल मिळतात. अलीकडे त्रिमितीय छपाईने केलेले हल आणि सुटे भागही वापरले जातात. त्यांवरील थरांच्या बारीक रेषा घासून काढल्या नाहीत, तर वेदरिंगचा पातळ रंग नेमका त्या रेषांत साचतो आणि सगळा भेद उघड करतो.

नवशिक्यांना एका विशिष्ट टगचे उदाहरण नेहमी दिले जाते. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ पासून, ब्रिटनमध्ये टीआयडी या नावाचे लहान वाफेचे टग मोठ्या संख्येने बांधले गेले. त्यांचे भाग जहाजबांधणीचा अनुभव नसलेल्या पोलादकाम करणाऱ्या कारखान्यांत तयार करून नंतर वेल्डिंगने जोडले जात. त्यासाठी हलच्या रचनेतून दुहेरी वक्रता जवळपास काढून टाकली होती आणि बाजू व तळ एका स्पष्ट कोनात मिळत होते. सुमारे ७४ फूट म्हणजे २२.५ मीटर लांबीचा हा टग १:४८ मध्ये ४७ सेंटिमीटरचा होतो. ज्या कारणाने तो अननुभवी कारखान्यांना जमला, त्याच कारणाने तो घरच्या टेबलावर प्लास्टिकच्या सपाट पत्र्यांतूनही जमतो. शिवाय कोळशावर चालणारे टीआयडी टग केल्यास धूर, राख आणि कोळशाची भुकटी या सर्व खुणांना आपोआपच कारण मिळते.

हल तयार झाल्यावर त्यावरील उणिवा राखाडी प्रायमरचा हात देऊन शोधतात. रेझिन आणि काचतंतूचे भाग साच्यातून सुटावेत म्हणून लावलेला मेणकट थर साबणाच्या पाण्याने धुऊन काढला नाही, तर रंग पुढे पापुद्र्यांसारखा निघतो आणि तो गंजामुळे निघाल्यासारखा मुळीच दिसत नाही.

मूळ रंग

वेदरिंगची सुरुवात मूळ रंगापासूनच होते. पाण्याखालच्या भागाला अनेक बोटींवर जो तांबडा-तपकिरी रंग दिसतो, तो केवळ शोभेचा नसतो. शंख-शिंपले आणि शेवाळ चिकटू नये म्हणून लावल्या जाणाऱ्या लेपात दीर्घकाळ क्युप्रस ऑक्साइड हे तांब्याचे संयुग वापरले गेले आहे आणि त्याचा स्वतःचा रंग तांबडा असतो. त्याच्या वर, पाण्याची पातळी जेथे वरखाली होते तेथे, बहुधा काळा पट्टा असतो. बंदरातील तेलाचा तवंग त्यावर कमी उठून दिसतो.

खऱ्या बोटीचा रंग जसाच्या तसा प्रतिकृतीवर लावल्यास तो अधिक गडद भासतो. दुरून पाहिलेल्या वस्तूचे रंग हवेमुळे फिकट होतात आणि प्रतिकृती ही जणू दुरून पाहिलेली बोटच असते, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. किती फिकट करावे यावर एकमत नाही. शुद्ध काळ्याऐवजी गडद राखाडी आणि शुद्ध पांढऱ्याऐवजी किंचित पिवळसर पांढरा वापरावा, एवढे मात्र बहुतेक जण मान्य करतात. त्यानंतर वरून दिसणाऱ्या सपाट पृष्ठभागांवर मूळ रंगात थोडा पांढरा मिसळून पातळ हात दिला जातो. कारण सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांमुळे रंगातील बांधणारे द्रव्य विघटित होऊन पृष्ठभाग खडूसारखा फिका पडतो आणि डेक व केबिनचे छत यांवर ऊन सर्वांत जास्त पडते.

झीज कोठे आणि का होते

पोलाद गंजण्यासाठी पाणी आणि प्राणवायू दोन्ही लागतात. समुद्राच्या पाण्यातील क्लोराइड ही क्रिया वेगाने घडवते. गंज सर्वत्र एकदम लागत नाही. धारदार कडेवर ओला रंग पृष्ठताणामुळे मागे सरकतो आणि थर पातळ राहतो, त्यामुळे गंजाची सुरुवात कडा, वेल्डिंगच्या रेषा, बोल्टांची डोकी आणि घासलेल्या जागा येथून होते. नवा गंज भगवा-नारिंगी, जुना गंज गडद तपकिरी, कधी जवळजवळ काळा असतो. बाजारातील 'गंज' असे नाव असलेला एकच नारिंगी रंग सर्वत्र लावणे ही म्हणूनच सर्वांत सहज ओळखू येणारी चूक आहे. खऱ्या बोटीवर गडद डागाच्या मध्यभागी किंवा खालच्या ओघळात तेवढा नारिंगी रंग दिसतो.

ओघळ उगमापाशी गडद आणि ठळक असतो, खाली उतरताना फिका होत जातो आणि बाजूने जाणाऱ्या आडव्या पट्टीवर थांबतो. तेथे पाणी पट्टीवरून थोडे सरकून दुसरीकडून खाली उतरते. नांगराच्या साखळीचे छिद्र आणि डेकवरील पाणी बाहेर टाकणारी छिद्रे ही ओघळांची मुख्य उगमस्थाने होत. डेक नाळेकडे व मागे उंच आणि मध्ये सखल असल्याने पाणी सखल भागात साचते; गंज आणि चिखलाचा थर तेथे जास्त असणे स्वाभाविक आहे.

टगवरील झीज त्याच्या कामाच्या पद्धतीशी बांधलेली असते. जुन्या पद्धतीच्या टगमध्ये ओढण्याचा आकडा मागच्या टोकाला नसून मध्याच्या किंचित मागे असतो, कारण तसे नसल्यास ताणलेल्या दोराखाली टगला वळता येणार नाही. परिणामी दोर संपूर्ण मागच्या डेकवरून डावीकडे-उजवीकडे फिरतो. तेथील वस्तूंना तो अडू नये म्हणून आडव्या कमानी बसवलेल्या असतात. त्या कमानींचा वरचा भाग आणि मागील कठड्याची कड दोराने घासून उघडी, चकचकीत पोलादी दिसते. गंज लागतो तो तिच्या आजूबाजूला, कारण रोज घासल्या जाणाऱ्या जागेवर गंज टिकत नाही. आधुनिक टग मात्र बऱ्याचदा नाळेकडील विंचवरून काम करतात, त्यामुळे झीजही पुढे सरकते. जुन्या टगच्या खुणा नव्या टगवर उतरवल्यास जाणकाराला ती विसंगती लगेच जाणवते.

बाजूला साखळ्यांनी टांगलेले टायर हा टगचा ओळखीचा भाग. सुमारे एक मीटर व्यासाचा टायर १:४८ मध्ये दोन सेंटिमीटरचा होतो. टायर झोके घेतो म्हणून त्याच्या मागे रंगावर काळपट कमानीसारखे घासे पडतात आणि साखळीच्या कड्यांपासून बारीक ओघळ सुरू होतात. टायर स्वतः काळा नसून उन्हाने राखाडी झालेला असतो.

ट्रॉलरवर जाळ्याचे तोंड पसरून धरणाऱ्या फळ्या समुद्रतळावर घासत जातात. त्यांच्या खालच्या लोखंडी कडा चकाकतात, तर वरचा भाग गंजलेला राहतो. धुराची काजळी धुरांड्याच्या तोंडाशी आणि त्याच्या मागील बाजूस अधिक असते. मागे डोलकाठी असल्यास ती वरच्या भागात काळवंडते. बोटीचा तळ पाण्याबाहेर दाखवला असल्यास सुकाणू आणि पंख्याजवळ बसवलेले जस्ताचे फिकट राखाडी ठोकळे दाखवायला हरकत नाही. ते मुद्दाम झिजू दिलेले असतात, जेणेकरून पोलाद वाचावे.

सर्व धातू एकसारखे जुने होत नाहीत. ॲल्युमिनियमच्या केबिनवर तांबडा गंज येऊ शकत नाही. तेथे पांढरट भुकटी दिसते. पितळ आणि कांसे हिरवट होतात. जस्ताचा मुलामा दिलेले कठडे आधी निस्तेज राखाडी होतात आणि मुलामा संपल्यावरच गंजतात. न रंगवलेले लाकूड उन्हापावसाने तपकिरी न होता रुपेरी राखाडी होते.

झिजेइतकीच दुरुस्तीही दाखवावी लागते, आणि याकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. कामकरी बोट म्हणजे बेवारस सांगाडा नव्हे. तिच्यावर माणसे राहतात, तिच्यावर त्यांचे पोट चालते. वर्गीकरण संस्थांच्या देखरेखीखालील नौकांच्या तळाची तपासणी साधारणपणे पाच वर्षांत दोनदा होते, आणि दोन गोदीफेऱ्यांच्या मधल्या काळातही खलाशी फावल्या वेळात गंज ठोकून काढून रंग लावत असतात. त्यामुळे बाजूवर मूळ रंगाशी न जुळणारे ताजे चौकोनी ठिगळ, कोठे प्रायमरचा उघडा तांबडा पट्टा, रोलर पोहोचला तिथपर्यंतच नवा रंग, अशा खुणा दिसतात. चाकखोलीच्या काचा स्वच्छ असतात, निदान वायपर फिरतो तेवढ्या कमानीत. दाराच्या मुठीभोवती हातांचा मळ आणि शिडीच्या पायऱ्यांच्या मध्यभागी बुटांनी उजळलेले पोलाद, एवढ्या दोन खुणांनीही बोटीवर माणसे असल्याचे जाणवते.

तंत्रे आणि त्यांचा क्रम

वेदरिंगमधील अपघात बहुधा क्रम चुकल्यामुळे होतात. वरच्या थरातील द्रावकाने खालचा थर विरघळता कामा नये. म्हणून मूळ रंग ॲक्रिलिक आणि त्यावर वॉर्निशचा संरक्षक थर देऊन, नंतरचे काम व्हाइट स्पिरिटमध्ये पातळ केलेल्या तैलरंगांनी किंवा इनॅमलने करणे ही प्रचलित पद्धत आहे. असे केल्यास न आवडलेला ओघळ स्पिरिटमध्ये भिजवलेल्या कुंचल्याने पुसता येतो. संरक्षक थर नसल्यास मात्र पुसताना मूळ रंगही निघण्याचा धोका असतो.

नाव आणि बंदराची अक्षरे चिकटवण्यापूर्वी पृष्ठभाग चकचकीत वॉर्निशने गुळगुळीत करतात, अन्यथा चिकटपत्राखाली हवा अडकून रुपेरी झाक दिसते. अक्षरांवरही पुढे बाकी बोटीइतकेच वेदरिंग करावे लागते. गंजलेल्या नाळेवर कोरे करकरीत नाव विजोड दिसते.

अत्यंत पातळ गडद रंग कोपऱ्यांत आणि खिळ्यांभोवती सोडला, की केशाकर्षणाने तो आपोआप सांध्यांत धावतो. याला वॉश म्हणतात. तो संपूर्ण बोटीवर फासण्याऐवजी बारीक कुंचल्याने नेमक्या जागी सोडणे हितावह असते. प्लास्टिकच्या प्रतिकृतीत आणखी एक धोका आहे: ताण देऊन चिकटवलेल्या पॉलिस्टायरीनमध्ये स्पिरिट मुरल्यास ते तडकते, आणि तयार बोटीचा सांधा डोळ्यांदेखत उघडतो. म्हणून वॉश आतल्या, न रंगवलेल्या बाजूला साचू देत नाहीत.

कोरड्या कुंचल्याने उंचवट्यांवर फिकट रंग घासणे हे जुने तंत्र दोर, खिळ्यांची डोकी आणि लाकडाच्या शिरांसाठी अजूनही उत्तम आहे. पोलादी बाजूंवर त्याचा अतिरेक झाल्यास बोट पिठात लोळवल्यासारखी दिसते.

उडालेला रंग दाखवण्यासाठी तीन उपाय रूढ आहेत. सर्वांत सोपा म्हणजे स्पंजचा तुकडा गडद तपकिरी रंगात बुडवून, बहुतेक रंग कागदावर टिपून, कडांवर हलकेच टेकवणे. दुसऱ्यात गंजाच्या रंगावर ओले मीठ चिकटवून त्यावर वरचा रंग फवारतात आणि वाळल्यावर मीठ खरवडून काढतात. तिसरा उपाय हेअरस्प्रेचा: गंजाच्या थरावर हेअरस्प्रे, त्यावर ॲक्रिलिक रंग, आणि तो वाळल्यानंतर कोमट पाणी लावून कडक कुंचल्याने घासणे. पाण्याने हेअरस्प्रे विरघळतो आणि वरचा रंग अनियमित तुकड्यांत सुटतो. येथे रंग खरोखरच निघत असल्याने परिणाम अत्यंत विश्वसनीय वाटतो, परंतु हात कोठे थांबवायचा हे आधी टाकाऊ तुकड्यावर पाहून घ्यावे लागते.

ओघळांसाठी तैलरंगाचा ठिपका ठेवून, जवळजवळ कोरड्या सपाट कुंचल्याने तो खाली ओढतात. पहिल्यांदा ओढल्यावर रेघ नेहमीच जास्त ठळक वाटते. दोन्ही कडांनी ती पुसत बारीक करणे हाच खरा कामाचा भाग असतो. सगळ्यात शेवटी रंगद्रव्यांची कोरडी भुकटी किंवा घासलेले पेस्टल काजळी आणि धुळीसाठी वापरतात. खऱ्या लोखंडाचा गंज कुटून वापरण्याचा मोह अनेकांना होतो. रंग अर्थातच अचूक मिळतो, पण त्याचे कण प्रमाणाच्या मानाने मोठे असतात आणि लहान प्रतिकृतीवर ते खड्यांसारखे दिसतात.

भुकटीवर वॉर्निश फवारल्यास ती गडद होऊन जवळजवळ नाहीशी होते, हे लक्षात घेऊन ती थोडी जास्त लावतात किंवा वॉर्निशनंतरच लावतात. दमट हवेत निस्तेज वॉर्निश फवारल्यास त्यावर पांढरे धुके धरते. मुंबई आणि कोकणात पावसाळ्यात हा अनुभव नेहमीचा आहे. अखेरचा हात कोरड्या दिवसापर्यंत राखून ठेवणे हाच त्यावरील उपाय.

या कामात वायुवीजन आवश्यक आहे. रंग फवारताना योग्य गाळणीचा मुखवटा वापरावा. काचतंतू आणि रेझिन घासताना ते पाण्याने ओले ठेवल्यास धूळ उडत नाही.

पाण्यावर चालणाऱ्या प्रतिकृती

पेटीत ठेवायच्या प्रतिकृतीवर भुकटी मोकळी राहिली तरी चालते. पाण्यात जाणाऱ्या प्रतिकृतीवर सर्व खुणा वॉर्निशखाली बंद कराव्या लागतात. योग्य दिसण्यासाठी तिला योग्य वेगही लागतो. वेग प्रमाणाच्या वर्गमुळाने घटतो. १२ नॉट वेगाचा टग १:४८ मध्ये सेकंदाला सुमारे ०.९ मीटर, म्हणजे शांतपणे चालणाऱ्या माणसापेक्षाही हळू जायला हवा. बहुतेक प्रतिकृती याच्या कितीतरी पट वेगाने पळवल्या जातात आणि मग कितीही कसून गंज रंगवला असला तरी बोटीचे वजन जाणवत नाही. पाण्याचे थेंब मात्र प्रमाणात लहान होत नाहीत. चित्रपटांत यावर उपाय म्हणून प्रतिकृती शक्य तितकी मोठी घेतात आणि चित्रण जलद गतीने करून मंद गतीने दाखवतात. १:१६ प्रमाणातील बोटीसाठी चित्रांची संख्या नेहमीच्या चौपट ठेवतात.

तळ्यात नियमित चालणाऱ्या बोटीवर काही महिन्यांत स्वतःची खरी पाणरेषा उमटते. तळ्यातील तेलकट तवंग आणि शेवाळ यांचा तो पट्टा रंगवलेल्या पट्ट्याच्या किंचित वर किंवा खाली असल्यास, बॅटरी व शिशाचे वजन आत चुकीच्या जागी ठेवले आहे किंवा कमी-जास्त झाले आहे, हे त्यावरून कळते. काही जण तो पट्टा पुसून टाकतात, काही तसाच राहू देतात.